मे महिन्याच्या उन्हातली लस

गोवर-रुबेला लसीची कुपी द्रावक मिसळून एकदा तयार केली की चार तासांच्या आत वापरावी लागते, उरलेले डोस टाकून द्यावे लागतात, आणि त्याआधीचा तिचा सगळा प्रवास थंडाव्यातच व्हावा लागतो. उन्हाने होरपळणाऱ्या नागपूरपासून पर्लकोटा नदीच्या पुराने संपर्क तुटणाऱ्या भामरागडपर्यंत लसवाहक पेटी पोचवणे किती जिकिरीचे असते, हे त्यावरून ध्यानात यावे. ‘न दुखणारे इंजेक्शन’ म्हणून सूक्ष्मसुयांच्या पट्टीचे कौतुक होत असले, तरी तिचे खरे मोल या प्रवासात आहे.

मृत पेशींनी बनलेला त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो, तरीही प्रथिनांसारखे मोठे रेणू तो आत येऊ देत नाही. पट्टीवरील मिलिमीटरहून आखूड टोके हा थर भेदतात आणि खालच्या ओलाव्यात विरघळून लस तेथेच सोडतात. नेमक्या याच जागी पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला १८६८ मध्ये फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जापेशी मानल्या, मात्र त्या परक्या जंतूची वर्दी देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी असल्याचे सिद्ध होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्याहून आलेल्या लसीने देवी टोचल्या गेल्या, तेव्हाही लस त्वचेतच उतरवली गेली होती. म्हणजे पट्टीने धरलेली वाट मुळात जुनीच आहे.

या कल्पनेचे श्रेय बहुधा अटलांटा येथील मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटाच्या १९९८ च्या सिलिकॉन सुयांना दिले जाते. परंतु गर्स्टेल आणि प्लेस यांनी तिचे पेटंट १९७६ मध्येच मिळवले होते, आणि अडले होते ते इतकी बारीक टोके घडवण्याच्या तंत्रावाचून, जे पुढे संगणकाच्या चिप बनवणाऱ्या उद्योगाने पुरवले.

गांबियात झालेल्या आणि ‘द लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस अशा पट्टीतून दिली गेली, आणि एकाच मात्रेनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक तान्ह्या बाळांना गोवरापासून संरक्षण मिळाल्याचे आढळले. हा निकाल मोलाचा आहे. तथापि प्रौढ धरून अवघ्या २८५ जणांच्या चाचणीत विरळा दुष्परिणाम दिसत नाहीत, म्हणून इंजेक्शनचे युग संपल्याची घोषणा घाईची ठरते. फ्लूच्या लसीची पट्टी ४० अंश सेल्सिअसला वर्षभर टिकली, पण तो आकडा गोवराच्या जिवंत विषाणूला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते.