रंग पाण्याचा, विटाळ कुणाचा?

आमच्या लेखनावर एक आक्षेप हमखास येतो : हा तुमचा अनुभव झाला, तो आत्मनिष्ठ आहे, वस्तुनिष्ठ वास्तव वेगळे असते. बोलणारा असा बोलतो, जणू वास्तवाचा सातबारा त्याच्याच नावावर आहे! तेव्हा हे दोन शब्द एकदा नीट तपासले पाहिजेत. मी बुलडाणा जिल्ह्यातला, मेहकरकडचा. आमच्याकडे माणसाला पाण्यावरून जितके कळते तितके ग्रंथांवरून कळत नाही. म्हणून उदाहरणे पाण्याचीच घेतो.

जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. मला लहानपणी ऐकलेली कथा आठवली. विष्णूने लवणासुराला मारले, त्याच्या रक्ताचे हे पाणी झाले, अशी ती कथा. (मारला गेलेला नेहमी असुरच कसा असतो, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.) कथा सोडा, पण रंग तर सर्वांना दिसत होता, छायाचित्रातही उमटत होता. मग पाणी गुलाबी होते, हे वस्तुनिष्ठ सत्य म्हणायचे काय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाण्यातला खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया नावाचे, मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले होते आणि रंग त्यांच्यातल्या रंगद्रव्याचा होता. ते तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ. म्हणजे डोळे खोटे बोलत नव्हते. रंग होताच, तो पाण्याचा मात्र नव्हता.

पाहणे वेगळे आणि पाहिलेल्याला काही चिकटवणे वेगळे. बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या दिङ्नागाने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्याच्या मते प्रत्यक्ष ज्ञान ‘कल्पनापोढ’ असते, म्हणजे कल्पना वजा केलेले. आणि कल्पना म्हणजे काय? तर वस्तूला नाव, जाती वगैरे जोडणे. इथे जाती म्हणजे वस्तूचा वर्ग; गावकुसाने वाटलेली जात नव्हे. तरीही हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

लोणारचेच आणखी एक. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असे जाणते भूशास्त्रज्ञही मानत. सभोवती सगळा लाव्ह्याचाच काळा दगड. मग दुसरे काय वाटणार? तळाला छिद्रे घेऊन नमुने वर काढले, त्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारे मॅस्केलिनाइट हे काचेसारखे द्रव्य सापडले आणि १९७३ मध्ये उल्कापाताचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वय तर अजून वादात आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. म्हणून वस्तुनिष्ठ म्हणजे अंतिम, असे मी मानत नाही. ज्याला कुणीही, कुठल्याही बाजूने तपासू शकतो ते वस्तुनिष्ठ.

आता विहीर. आमच्या गावात माय घागर खाली ठेवून दूर उभी राही. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओती. एकदा मी पुढे होऊन बादलीच्या दोराला हात लावला. “बाटलं पानी!” असा गलका झाला आणि भरलेली बादली मातीत ओतून दिली गेली. मी त्या पाण्याकडे पाहिले. त्याचा रंग बदलला नव्हता. कुठल्याही प्रयोगशाळेला त्यात विटाळ सापडला नसता. पण त्या दिवशी विहिरीवर जमलेल्या प्रत्येकाला तो दिसत होता! शंभर जणांना एकच गोष्ट दिसते म्हणून ती वस्तुनिष्ठ ठरत नाही. ती शंभर जणांची मिळून एक आत्मनिष्ठा असू शकते, आणि गावात तिलाच रीत म्हणतात.

महाडला ही रीत तपासणीला लागली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. पुढे दावा चालला. अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हा वादींचा मुद्दा. ती त्यांना सिद्ध करता आली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. वस्तुनिष्ठतेचा आग्रह तिथे आपल्या बाजूने होता, हे आपल्यातल्याही काहींनी लक्षात ठेवावे. ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणून आपण मोकळे झालो, तर विटाळ हेही कुणाचे तरी सत्य ठरेल.

मग माझ्या अनुभवाचीही तपासणी व्हायलाच हवी. ती मी केली. पुष्कळ वर्षांनी मायला तो प्रसंग विचारला. ती म्हणाली, “बादली कुठं होती रं तवा? पोहरा होता. आन् दोराला न्हाई, तू काठाला हात लावला व्हता.” तपशील माझा चुकला असेल. पाणी ओतून दिले, यावर आमचे दुमत नव्हते. त्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन नाल्यावर गेली आणि झरा उकरून वाटी वाटीने भरत दिवस मावळेपर्यंत तिथेच बसली, हे मला ठाऊक नव्हते. ते तिने सांगितले.