धारेचे शास्त्र – लेखांक ६ : जिगवरील उतार सारखे का येत नाहीत?

मागील लेखांकात हाताने दगडावर धार लावताना कोन का डळमळतो, याचे विवेचन आले. तो कोन स्थिर राखण्यासाठी योजलेले साधन म्हणजे जिग, अर्थात पाते पकडीत घट्ट धरून दगडाला सळईच्या आधाराने ठरावीक कोनातच सरकू देणारी चौकट. लॅन्स्की या अमेरिकी कंपनीच्या परिचित जिगमध्ये १७, २०, २५ आणि ३० अंश असे चार कोन आखून दिलेले असतात. तरीही धारेलगतची घासलेली पट्टी, म्हणजेच उतार, पुष्कळदा कोठे रुंद तर कोठे अरुंद उमटतो आणि त्याचे खापर दगडावर फोडले जाते, ते योग्य नव्हे.

जिग कोन सांभाळते, रुंदी नव्हे. उतार जेथे सुरू होतो तेथे पाते ०.५ मिलिमीटर जाड असेल, तर दर बाजूस २० अंश ठेवल्यास उताराची रुंदी सुमारे ०.७३ मिलिमीटर येते. तीच जाडी ०.८ असेल, तर कोन तसूभरही न बदलता रुंदी १.१७ होते. अनेक पात्यांत टोकाजवळ धार पाठीकडे वळत जात असल्याने तिच्यामागची जाडी वाढते, आणि म्हणून तेथे पसरलेला उतार हा दोष मानण्याचे कारण नाही.

खरा कोनबदल घडतो तो पात्याच्या पोटाशी, म्हणजे धार जेथे वळू लागते तेथे. एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू मिळून एकच प्रतल ठरते, हे शालेय भूमितीतील तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते; रेषा म्हणजे धार आणि बिंदू म्हणजे सळई ज्यावर टेकून फिरते तो खुंट: दगड सळईभोवती मोकळा फिरत असेल, तर सरळ धारेवर तो मुठीपासून पोटापर्यंत एकाच प्रतलात राहतो व कोन बदलत नाही. वळणावर मात्र धारेची स्पर्शिका प्रत्येक बिंदूपाशी वेगळी असते आणि सळईच्या खुंटापासून तिचे अंतर वाढले की कोन घटतो. १५० मिलिमीटरवर २० अंश असलेला कोन १७० मिलिमीटरवर जेमतेम १८ अंश भरतो. पाते मुठीजवळ पकडल्यास टोकाचा कोन घटून उतार रुंदावतो, टोकाजवळ पकडल्यास उलट घडते. तेव्हा धारेवर मार्करची शाई लावून, दगड हलकेच फिरवून, शाई उताराच्या पूर्ण रुंदीत पुसली जाईपर्यंत पाते मागेपुढे सरकवावे आणि सापडलेली जागा पाठीवर खूण करून ठेवावी.

दोन बाजूंमधील तफावतीचे कारण बहुधा पकडीत असते. पाठीपासून धारेपर्यंत निमुळते होत गेलेले पाते समांतर जबड्यांत किंचित कलते, आणि २ अंशांचा कल एका बाजूस १८, तर दुसऱ्या बाजूस २२ अंश देतो. चामड्याची पातळ पट्टी मध्ये घालून, अंकीय कोनमापकाने दोन्ही बाजू तपासून हा कल काढता येतो. मूळची धारच मध्यावर नसेल, तर दोन्हीकडे मोजून सारखे हात मारणे व्यर्थ होय, कारण त्याने असमानता तशीच राहते. अशा वेळी अरुंद उताराची बाजू अधिक घासावी, म्हणजे धारेची रेषा मध्याकडे सरकते. हे काम जाड कणांच्या दगडावरच पूर्ण करावे, बारीक दगडावर ते होत नाही.

दगड बदलताना त्याची जाडी अवश्य मोजावी, कारण १५० मिलिमीटर अंतरावर २ मिलिमीटरचा फरक कोनात सुमारे पाऊण अंशाचा बदल घडवतो.