आपल्या कॅनलमध्ये बोट का चालत नाही?



इंग्रजीच्या पुस्तकात कधीतरी असा उतारा येतो: उन्हाळ्याची सुट्टी, चार मित्र, त्यांची दोन कुत्री, एक लांबट बोट आणि कालव्यातून आठवडाभर रमतगमत प्रवास. हिंगणीच्या वर्गात तो वाचला की मागच्या बाकावरून प्रश्न येणारच, "सर, आपल्या कॅनलमध्ये पण चालते का बोट?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. भूगोल, विज्ञान आणि गणित असे तिन्ही विषय त्यात आहेत. शिवाय उन्हाळ्यात कॅनलला पाणी सुटलं की पोरं त्यात उड्या मारतात, म्हणून हा घरी बोलायचाही विषय आहे.

आपण नहर म्हणा, कॅनल म्हणा, पुस्तकात कालवा म्हणा. शब्द एकच, पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एका कालव्यात पाणी पुढे गेलं पाहिजे. दुसऱ्यात ते जागेवर राहिलं पाहिजे. बाकीचा सगळा फरक इथूनच निघतो.

पहिला प्रकार आपला. बोर नदीवरचं धरण हे मातीचं धरण, उंची ३६ मीटर, लांबी एक किलोमीटरपेक्षा जास्त. त्यातलं पाणी शेतापर्यंत न्यायचं तर कालव्याला उतार हवा. हा उतार इतका कमी असतो की डोळ्याला दिसत नाही, काही हजार मीटरला एखादा मीटर. पण पाण्याला तो बरोबर कळतो. पुढे कालव्यातून शाखा फुटतात, शाखेतून चाऱ्या, आणि जसजसं पाणी वाटलं जातं तसतसा कालवा अरुंद होत जातो. शेवटी तो शेताच्या बांधावर दोन हात रुंद उरतो. मधे नाला आडवा आला तर पाणी त्याच्याखालून पाइपासारख्या बोगद्यातून नेतात. जमीन एकदम खाली गेली तर पाण्यालाही उडी मारून उतरायला लावतात. पाळी संपली की कालवा कोरडा. आता यात बोट घालून बघा! खाली जाताना ती आपोआप जाईल, पण परत कशी येणार?

हे गणित फळ्यावर करा. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरा, म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. बोटीचा वेग तासाला ५ किलोमीटर. प्रवाहाबरोबर ती ताशी ८.६ किलोमीटर जाईल, प्रवाहाविरुद्ध फक्त १.४. म्हणजे जाताना तासाभरात कापलेलं अंतर परतताना सहा तासांहून जास्त घेईल. पोरांना हे उत्तर स्वतः काढू द्या, सांगू नका.

दुसरा प्रकार इंग्लंडातला. तिथे पाऊस पुरेसा, शेताला कालव्याची फारशी गरज नाही. कालवे खणले ते माल न्यायला. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर नावाच्या उमरावाने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खणवून घेतला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा कारागीर. कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला आणि मग सगळीकडे कालवे खणायची लाटच आली. कारण साधं होतं. त्या काळच्या खराब रस्त्यावर घोडा गाडीतून एक-दोन टन ओढायचा, तोच घोडा काठाने चालत दोराने बोट ओढायला लागला की पंचवीस-तीस टन सहज न्यायचा. मात्र त्यासाठी पाणी स्थिर हवं. म्हणून तो कालवा सपाट, पाणी तळ्यासारखं उभं.

पण जमीन सपाट नसते. टेकडी आली की काय करायचं? इथे लॉक येतं, आणि सगळ्या धड्यातली मजेची गोष्ट हीच आहे. लॉक म्हणजे पाण्याची एक खोली, दोन्ही टोकांना दारं. बोट खालून आली की आत घ्यायची, मागचं दार लावायचं, आणि वरच्या दारातली लहान झडप हँडलने उघडायची. वरचं पाणी आत येतं, खोली भरते, बोट आपोआप वर उचलली जाते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचं दार उघडतं आणि बोट पुढे जाते. उतरताना हेच उलट. यात इंजिन नाही, पंप नाही, वीज नाही. मोठ्या लॉकची दारं जोडीची असतात आणि ती बंद झाल्यावर सरळ रेषेत नसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी वरच्या पाण्याकडे टोक करून मिळतात. पाणी जितकं ढकलेल तितकी ती घट्ट बसतात. पातळी सारखी होईपर्यंत चार माणसं लागली तरी दार हलत नाही. पातळी सारखी झाली की एकट्याने पाठ लावून ढकललं तरी उघडतं.

अरुंद कालव्यावरचं लॉक सुमारे २२ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद. पातळीतला फरक २.२ मीटर धरला तर एका वेळी किती पाणी खाली जातं? गुणाकार करा, जवळजवळ एक लाख लिटर येतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या मुलाला हा आकडा सांगितला की तो डोळे मोठे करतो. म्हणून या कालव्यांच्या सगळ्यात उंच भागाजवळ मुद्दाम तलाव बांधले, पाणी सतत भरून काढायला.

आता आपल्या चार मित्रांकडे आणि कुत्र्यांकडे येऊ. त्यांची बोट अशीच अरुंद, लॉकमध्ये मावेल एवढी. आपल्या लाल परीपेक्षाही रुंदीला कमी, आणि लांबी मात्र काही बोटींची दोन एस.टी. एकामागे एक लावाव्यात एवढी. आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी. भाड्याने घेताना चालवायचं लायसन्स लागत नाही, देणारा माणूस तासाभरात शिकवून मोकळा होतो. मागे एक दांडी असते. ती डावीकडे ढकलली की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण काठावर जाऊन आदळतो. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. जास्त वेगाने लाटा उठतात आणि काठाची माती ढासळते. दुसऱ्याची बांधलेली बोट दिसली की आणखी हळू.

मित्र का लागतात? एक जण दांडीवर, दोघं लॉकच्या दारांवर, एक चहावर. बोटवाले प्रवासाचा हिशोब मैल आणि लॉक यांची बेरीज करून मांडतात, आणि तासाला अशी तीन धरतात. म्हणजे सहा मैल आणि सहा लॉक असतील तर चार तास. डिव्हायझेस गावाजवळ २९ लॉक आहेत, सगळे मिळून सुमारे ७२ मीटर चढ. तेवढ्यात बहुतेक दिवस जातो. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये, त्याच्यासाठी रेल्वे आहे.

कुत्र्यांची तर चैनच. बोट माणसाच्या चालीने चालते, म्हणून कुत्रा काठावर उतरून बोटीबरोबर चालतो, हुंगतो, बदकांवर भुंकतो आणि पुढच्या लॉकला परत वर चढतो. ज्या वाटेने तो चालतो ती मुळात घोड्याची वाट. कुत्र्याला पाठीवर पकडायला पट्टा असलेलं जाकीट घालतात, कारण काठ उभा असेल तर पाण्यात पडलेल्या कुत्र्याला स्वतःहून वर येता येत नाही. संध्याकाळी काठावर लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोकायच्या आणि बोट बांधायची, बैल बांधावा तशी. जेरोम के. जेरोमचं १८८९ सालचं तीन मित्र आणि माँटमोरेन्सी कुत्र्याचं प्रसिद्ध पुस्तक थेम्स नदीवरचं आहे, कालव्यावरचं नाही, पण वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर दाखवा.

पण ही मौज फार अलीकडची, आणि शिक्षक म्हणून मला तिच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रेल्वे आली, भाडं घसरलं, तेव्हा बोटवाल्यांनी घराचं भाडं वाचवायला बायकापोरं बोटीवरच आणली. दहा फुटांच्या एका खोलीत अख्खं कुटुंब, आणि बोट रोज नव्या गावात. मग मूल कोणत्या शाळेत जाणार? जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने हा प्रश्न लावून धरला. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला, आणि आधी वीटभट्टीवरच्या मुलांसाठी लढलेला. १८७७ मध्ये कायदा झाला: प्रत्येक बोटीची एका गावात नोंद, आणि त्या बोटीवरचं मूल शाळेसाठी त्या गावचं समजायचं. कागदावर ठीक होतं. पण बोट त्या गावात महिन्यातून एखाद्या दिवशीच असेल तर हजेरी कशी लागणार? १८८४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, तरी पुढे कित्येक वर्षं बोटीवरची बरीच मुलं निरक्षरच राहिली. आपल्या हजेरीपत्रकात दिवाळीनंतर ज्यांच्यापुढे रांगेने गैरहजेरी पडते, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांची ती मुलं आठवून बघा.

आपल्या देशात कालव्यात बोट चाललीच नाही असं नाही. १८५४ मध्ये सुरू झालेला गंगा कालवा प्रोबी कॉटलीने बांधला तेव्हा शेती आणि बोट दोन्ही साधायचा प्रयत्न केला होता. जिथे पाणी उडी घेतं तिथे बाजूने लॉक बांधले. पण प्रवाहाविरुद्ध बोट नेणं जड गेलं, आणि पुढे रेल्वेने माल पळवला. गोदावरीच्या मुखाकडे, आंध्रात, जमीन इतकी सपाट आहे की आर्थर कॉटनच्या कालव्यांतून पाणी आणि माल दोन्ही बराच काळ चालले. म्हणजे प्रश्न उताराचाच.

आता पालकांसाठी. चित्रातला कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा, उभ्या पाण्याचा. आपला कॅनल वरून तसाच शांत दिसतो, पण तो चालता आहे. काँक्रीटच्या उतरत्या बाजूंवर शेवाळ धरतं, हाताला पकड मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला लागून वर चढू शकत नाही आणि वाहत वाहत पुढच्या दरवाज्याकडे किंवा नाल्याखालच्या बोगद्याकडे जातो. तिथे पाणी आत ओढतं. हरणंसुद्धा पाणी प्यायला उतरून अशा कालव्यांत अडकतात, आणि आपल्या बाजूला तर बोरचं जंगलच आहे. कुणी पडलं तर मागे उडी घेऊ नका. दोर, ओढणी, लांब काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका आणि काठाने पुढे पळा, कारण माणूस पडल्या जागी राहत नाही. "जाऊ नको" एवढंच सांगितलेलं मूल दुपारी जातंच. पाणी कुठे ओढतं हे ज्याने काठावरून पाहिलंय ते थांबण्याची शक्यता जास्त. म्हणून मोठ्या माणसाने सोबत नेऊन, दूर उभं राहून, एक वाळकं पान पाण्यात टाकून दाखवावं. दहा सेकंदांत ते किती मीटर गेलं ते मोजा, वेग निघेल.

वर्गात लॉकचं मॉडेल करायचं असेल तर प्लॅस्टिकचा पन्हळी पाइप अर्धा कापून घ्या. दोन दारं जुन्या फायलीच्या पुठ्ठ्याची करा, प्लॅस्टिकचा. प्रत्येक दाराला तळाशी बोटाएवढं भोक आणि त्याला चिंधीचा बोळा, हीच झडप. खालच्या भागात कागदाची होडी सोडा आणि वरून मगाने पाणी घाला. फटींना काळी माती मळून लिंपा. ब्रिंडलीनेही गळती थांबवायला चिकणमाती तुडवून कालव्याच्या तळाला बसवली होती. म्हणूनच तिथले कालवे कोरडे पडू देत नाहीत. तुमचंही मॉडेल वर्गात सावलीला ठेवा आणि थोडं पाणी राहू द्या, नाहीतर मेच्या उन्हात एका दुपारीच काळी माती तडकते.