बाबासाहेब गेले तेव्हाची अमेरिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकले, हे आपल्या वस्तीतील लहान मुलांनाही पाठ आहे. परंतु त्या वेळी तो देश कोणत्या घुसळणीतून जात होता, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती माहिती येथे थोडक्यात देत आहोत.

साधारणपणे १८९० ते १९२० या कालखंडास अमेरिकेच्या इतिहासात ‘प्रगतिशील युग’ म्हणतात. तेल, पोलाद व रेल्वे या धंद्यांतून मूठभरांच्या हाती अफाट संपत्ती गोळा झाली होती. दुसरीकडे परदेशांतून आलेले मजूर कोंदट खोल्यांत राहत होते आणि लहान मुले गिरण्यांत व खाणींत राबत होती.

या अन्यायाविरुद्ध प्रथम लेखणी उठली. इडा टार्बेल या लेखिकेने स्टँडर्ड ऑइल कंपनीची मक्तेदारी उघडी पाडली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडून तिचे तुकडे करण्याचा निकाल कायम केला. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांतील घाण जगापुढे आणली व त्याच वर्षी, १९०६ मध्ये, अन्नशुद्धीचे कायदे झाले.

काही सुधारणांची किंमत मात्र प्राणांनी मोजावी लागली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कपडे कारखान्यास आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. ती आग डोळ्यांनी पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे कारखान्यांच्या चौकशीच्या कामात उतरल्या आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या.

बाबासाहेब पोहोचले त्या १९१३ सालीच घटनेत दोन दुरुस्त्या झाल्या. एकीने केंद्र सरकारला प्राप्तिकर बसविण्याचा मार्ग मोकळा झाला, दुसरीने सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडले जाऊ लागले. प्राप्तिकराचे मोठे पुरस्कर्ते प्रा. सेलिग्मन हे कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू होते. दुसरे गुरू जॉन ड्यूई लोकशाहीकडे केवळ राज्यपद्धती म्हणून नव्हे, तर एकत्र जगण्याची रीत म्हणून पाहत.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या सुधारणा काळ्या माणसापर्यंत पोहोचल्या काय? त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत टपाल व अर्थखात्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागू लागले. रंग कळला की दार बंद करणे सोपे! कचेरीत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या वेगळ्या टेबलाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण दक्षिणेतील बहुतेक काळ्या स्त्रियांना १९६५ च्या कायद्यापर्यंत तो प्रत्यक्षात वापरता आला नाही.

म्हणून काळ्या समाजाने आपली संघटना उभारली. १९०९ साली एन.ए.ए.सी.पी. ही संस्था स्थापन झाली. डू बॉइस तिचे संस्थापक सदस्य होते, तर तिच्या स्थापनेच्या आवाहनावर ड्यूई यांची सही होती. संस्थेने न्यायालयीन लढा चिकाटीने चालविला, आणि १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. देश पुढे गेला म्हणजे आपण आपोआप पुढे जात नाही. कोणतीही सुधारणा होत असताना ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते की नाही, हे त्याच माणसाने संघटितपणे पाहावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांचे ग्रंथ वाचताना हा जगाचा इतिहासही शेजारी ठेवावा, एवढीच विनंती.

जयभीम!