कॅनव्हासच्या कडेपलीकडे : एका विद्यार्थ्याने पाहिलेला पोलॉक

कलाकृतीला ‘व्यक्तिगत प्रतिसाद’ लिहायला सांगितला, की विद्यार्थी बहुधा विशेषणांकडे वळतो. चित्र आशयघन असते, शिल्प अस्वस्थ करणारे असते. पण समोरची कृती रूढ चौकटीत बसणारी नसेल, तर ही विशेषणेही चालत नाहीत. मग ‘आवडले’ किंवा ‘कळले नाही’ एवढेच उरते. व्यक्तिगत प्रतिसाद म्हणजे नेमके काय, आणि त्याला ज्ञानाचा दर्जा देता येतो का? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रो (१९२७–२००६) याचे उदाहरण उपयोगी पडते.

कॅप्रोचे शिक्षण भक्कम होते. हान्स हॉफमन याच्याकडे तो चित्रकला शिकला. पुढे कोलंबिया विद्यापीठात कलेतिहासकार मायर शपिरो यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने मॉन्द्रियानवर प्रबंध लिहिला. रचना, तोल, चित्राची चौकट ही सारी परिभाषा त्याच्या हाताशी होती. अडचण आली ती जॅक्सन पोलॉकपाशी. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरत असे, भोवतीने फिरत असे आणि काड्यांनी किंवा कडक झालेल्या ब्रशांनी घरगुती रंग त्यावर ठिबकवत, उडवत असे. ‘वन : नंबर ३१, १९५०’ हे त्याचे चित्र सुमारे २.७ मीटर उंच आणि ५.३ मीटर रुंद आहे. त्यात केंद्र कुठे, पार्श्वभूमी कुठली, असे विचारायला गेले तर प्रश्नच निकामी होतो.

११ ऑगस्ट १९५६ रोजी मोटार अपघातात पोलॉक गेला. तो ४४ वर्षांचा होता. त्यानंतर कॅप्रोने लिहिलेला ‘द लेगसी ऑफ जॅक्सन पोलॉक’ हा लेख ऑक्टोबर १९५८ च्या ‘आर्ट न्यूज’मध्ये छापून आला. लेखाची सुरुवात सिद्धान्ताने होत नाही, दुःखाने होते. पोलॉकबरोबर आपल्या पिढीतलेही काही संपले, ही भावना तो लपवत नाही. मात्र तो तिथेच थांबत नाही. चित्रासमोर उभे राहिल्यावर आपले काय होते, हे तो तपासतो. या चित्रात कुठूनही शिरता येते, त्याला आरंभ नाही आणि शेवट नाही. रेषा कडेला येऊन थांबत नाहीत, त्या बाहेरही चालूच असाव्यात असे वाटते. आकार एवढा मोठा की ते चित्र न राहता परिसर होते आणि पाहणारा त्याच्या आत सापडतो.

आपल्याकडे पोलॉक बहुतेकांना भेटतो तो पुस्तकातल्या वीतभर छापील चित्रात. कॅप्रोचे म्हणणे त्यावरून पटणे कठीण आहे, कारण त्याची सगळी मांडणी माणसाचे शरीर आणि कॅनव्हासचा आकार यांच्या नात्यावर उभी आहे.

लेखाच्या अखेरीस तो विचारतो : आता आपण काय करायचे? त्याला दोन वाटा दिसतात. पोलॉकच्या धर्तीवर चित्रे काढत राहायचे, नाहीतर चित्रकलाच सोडून रोजच्या जगातल्या वस्तू, जागा, आवाज, वास यांनाच साहित्य मानायचे. त्याने दुसरी वाट निवडली.

याच सुमारास, १९५७–५८ मध्ये, तो न्यू यॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये संगीतकार जॉन केज याच्या वर्गाला जात होता. स्वतः शिकवत असतानाही त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावेसे वाटले. १९५२ साली केजने पियानोवादकाला ४ मिनिटे ३३ सेकंद एकही सूर न वाजवता बसवले होते आणि सभागृहात ऐकू येणाऱ्या आवाजांनाच संगीत मानले होते. पोलॉकमुळे कॅनव्हासची कड पुसली गेली. केजमुळे संगीत आणि बाहेरचा गोंगाट यांच्यातली.

ऑक्टोबर १९५९ मध्ये रुबेन गॅलरीत कॅप्रोने ‘१८ हॅपनिंग्ज इन ६ पार्ट्स’ सादर केले. अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या पडद्यांनी तीन खोल्या केल्या होत्या. कधी कुठे बसायचे, खोली कधी बदलायची, याच्या सूचना प्रेक्षकांना लेखी मिळाल्या होत्या. कोणी संत्री पिळत होते, कोणी कॅनव्हासवर रंग लावत होते. १९६१ मध्ये ‘यार्ड’साठी त्याने मार्था जॅक्सन गॅलरीमागचे अंगण जुन्या टायरांनी भरून टाकले, लोकांनी त्यांवर चढायचे, चालायचे. पोलॉकच्या रंगजाळ्यात तो मनाने शिरला होता. इथे प्रेक्षक पायांनी शिरला. १९६७ च्या ‘फ्लुइड्स’मध्ये पॅसाडेना आणि लॉस एंजेलिस भागात बर्फाच्या लाद्यांच्या भिंती उभारल्या गेल्या आणि त्या वितळू दिल्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पोलॉक अखेरपर्यंत चित्रकारच राहिला. क्लेमंट ग्रीनबर्गसारख्या समीक्षकाला त्याच्यात चित्राच्या सपाट पृष्ठभागाचा शोध दिसला. कॅप्रोने मात्र त्यातून चित्रकला सोडण्याची वाट काढली. म्हणजे त्याने पोलॉकला आपल्या सोयीने वाचले का? काही अंशी, होय. पण विद्यार्थ्याची आणि समीक्षकाची गरज वेगळी असते. समीक्षकाला कृतीचे स्थान ठरवायचे असते. विद्यार्थ्याला उद्या सकाळी काय करायचे ते. त्यामुळे त्याचा प्रतिसाद एकांगी होतो. तरीही तो मनमानी ठरत नाही, कारण त्याच्या प्रत्येक दाव्याला चित्रात आधार दाखवता येतो : न थांबणारी रेषा, हरवलेले केंद्र, भला मोठा आकार. हा आधार सुटला, की व्यक्तिगत प्रतिसादाचे केवळ स्वगत होते.

विद्यापीठाबाहेर राहून कला समजून घेणाऱ्या माझ्यासारख्याला यात मोठा दिलासा आहे. ‘कळले नाही’ हे उत्तर लाजिरवाणे नाही, अपुरे आहे. न कळणाऱ्या कृतीसमोर मी कुठे उभा राहिलो, माझी नजर कुठे अडली, आधी शिकलेले कोणते शब्द निरुपयोगी ठरले आणि यानंतर मी काय वेगळे करणार, हे चार प्रश्न विद्यार्थ्याने वहीत लिहावेत. शिक्षकांनीही उत्तरे तपासताना विशेषणे मोजण्यापेक्षा प्रत्येक विधानाला कलाकृतीत काय आधार आहे ते विचारावे.