थेट विमानसेवाच बंद झाली तर? ‘रिफंड’चे बटण दाबण्याआधी हे वाचा

अमेरिकेत मुला-नातवंडांकडे निघालेल्या आई-वडिलांसाठी थेट विमान ही चैन नसते. भाषेची अडचण, गुडघेदुखी, अनोळखी विमानतळावरची धावपळ टळावी म्हणून जादा पैसे मोजलेले असतात. पण कंपनीने एखादे उड्डाण नव्हे, तर अख्खा मार्गच बंद केला तर काय करायचे?

नेमके काय घडले होते?

एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन थेट सेवा थांबवली. ११ ऑगस्टला ही घोषणा झाली. कंपनीने दोन कारणे दिली. २६ बोइंग ७८७-८ विमानांच्या नूतनीकरणामुळे विमाने कमी पडत होती आणि पाकिस्तानची हवाई हद्द बंद असल्याने लांबचा वळसा पडत होता. तिकीट काढलेल्यांना दुसरे विमान किंवा पूर्ण रिफंड असे दोन पर्याय देण्यात आले.

आधी रिफंड का घेऊ नये?

रिफंड स्वीकारला की तुम्हाला पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते. हातात येतात जुन्या तिकिटाचे पैसे आणि नवे तिकीट काढावे लागते आजच्या दराने. तारीख जवळ आली असेल, तर हा फरक मोठा असतो. म्हणून आधी पर्यायी विमान मागा. मिळालेला मार्ग सोयीचा नसेल, तर दुसरा मागा. रिफंड शेवटी.

नियम काय सांगतो?

डीजीसीएच्या नियमानुसार रद्द होण्याची सूचना किमान दोन आठवडे आधी दिली, तर कंपनीने प्रवाशाला मान्य होईल तसे पर्यायी विमान किंवा रिफंड द्यायचा असतो. वेगळी भरपाई मिळत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तिथला नियमही लागू होतो. थेट विमानाऐवजी थांब्याचे विमान दिले आणि ते तुम्ही नाकारले, तर ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटाचेही पैसे परत मिळतात.

पर्याय कसा शोधायचा?

एअर इंडियाने वॉशिंग्टनसाठी न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को येथे विमान बदलण्याचा मार्ग सुचवला होता. पुढचा टप्पा अलास्का, युनायटेड आणि डेल्टा या भागीदार कंपन्यांचा, पण तिकीट एकच. मात्र अमेरिकेत उतरलेल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि साधारणपणे बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. त्यामुळे दोन विमानांत किमान तीन-चार तासांचे अंतर ठेवा.

मुंबईच्या प्रवाशाने दिल्लीला जायलाच हवे असेही नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल, लंडन, फ्रँकफर्टमार्गे वॉशिंग्टन गाठता येते. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकते. उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बाहेर पडता येते. वयस्कर प्रवाशांसाठी हा मोठा दिलासा आहे. वेळापत्रके बदलत असतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी पुन्हा तपासा.

स्वस्त तिकिटाची मेख कुठे?

दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे अनेकदा स्वस्त दिसतात. पण पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅगा घ्यायला मधल्या देशात प्रवेश करावा लागला, तर तिथला व्हिसाही लागू शकतो. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल, तर पुढचे विमान चुकल्यास नवी सोय कंपनीलाच करावी लागते.

हीच अडचण मुंबई-दिल्ली तिकीट वेगळे काढलेल्यांचीही असते. परदेशी टप्पा रद्द झाला म्हणून देशांतर्गत तिकिटाचे पैसे आपोआप परत मिळत नाहीत.

थोडक्यात, हे करा

• एजंटकडून तिकीट घेतले असेल, तर कंपनीचा मेल त्याच्याकडेच अडकू शकतो. पीएनआर कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा.
• फोन करण्याआधी सोयीची दोन-तीन विमाने क्रमांकासह लिहून ठेवा.
• परतीचा टप्पा त्याच तिकिटावर कायम आहे ना, हे विचारा.
• व्हीलचेअर, शाकाहारी जेवण, आसन यांची नोंद नव्या तिकिटावर पुन्हा करून घ्या.
• बदल लेखी मिळवा आणि नवा ई-तिकीट क्रमांक आल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.