गुटगुटीत मोती, गोलमटोल मनी

बालरोगतज्ज्ञाच्या कानी ‘गुटगुटीत’ हा शब्द रोज पडतो. आजीच्या लेखी ते नातवाच्या प्रकृतीचे प्रशस्तिपत्र असते. वजनाचा तक्ता मात्र कित्येकदा वेगळीच साक्ष देतो. घरातील मोती आणि मनी यांच्या बाबतीतही हेच घडते. बालकाप्रमाणे त्यांचेही अन्न दुसऱ्याच्या हाती असते आणि त्यांनाही आपली तक्रार शब्दांत सांगता येत नाही. म्हणूनच त्यांच्या स्थूलतेवरील उपचार घरातील माणसांपासून सुरू करावा लागतो.

या उपचाराचे मोल किती, हे २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. लॅब्राडॉर जातीच्या ४८ पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. अधिक खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षे भरले, मिताहारी गटाचे १३ वर्षे. सांध्यांचे विकारही मिताहारी गटात उशिरा उद्भवले. अधिक खाणारी कुत्री अवाढव्य नव्हती, बेताचीच स्थूल होती, हे येथे ध्यानी घ्यावे. मांजरांत स्थूलतेमुळे मधुमेहाचा धोका वाढतो.

निदानास यंत्र लागत नाही. प्राण्याच्या बरगड्यांवरून हलकेच हात फिरवावा. आपल्या पालथ्या हाताची हाडे जशी बोटांना जाणवतात, तशा बरगड्या जाणवल्या तर वजन योग्य. वरून पाहता कंबर दिसावी. पशुवैद्य याच लक्षणांवरून १ ते ९ अशी श्रेणी देतात. ५ ही आदर्श मानतात.

आता थोडे गणित. विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची दैनंदिन गरज म्हणजे किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे उत्तर सुमारे ४०० कॅलरी येते, चार किलोच्या मांजरासाठी सुमारे २००. आपली एक मध्यम पोळी साधारण १०० कॅलरींची असते आणि म्हशीचे १०० मिलिलिटर दूधही जवळपास तेवढ्याच कॅलरींचे. म्हणजे मोतीची एक पोळी ही त्याच्या या गरजेचा चौथा हिस्सा, तर मनीचे अर्धी वाटी दूध हा जवळजवळ निम्मा हिस्सा होय!

सारा दोष लाडांचाच नसतो. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांत ‘पीओएमसी’ या जनुकाचा दोष असतो. त्यामुळे त्यांची खाण्याची ओढ अधिक असते. थायरॉइडच्या कमतरतेनेही कुत्र्याचे वजन वाढते. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्याची तपासणी आवश्यक आहे.

त्यानंतर अन्न अंदाजाने न घालता वजन करून द्यावे. कुत्र्याचे वजन आठवड्याला १ ते २ टक्के, मांजराचे अर्धा ते १ टक्का घटावे, घाई नको. मांजराला उपाशी तर कधीच ठेवू नये. स्थूल मांजराचे खाणे काही दिवस जरी तुटले, तरी यकृतात चरबी साचून प्रकार जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ उन्हे टाळून फिरवावे. मांजराला दोरी-चेंडूच्या मागे पळवावे.

सर्वांत अवघड पथ्य घरच्यांचे. आजोबांच्या हातची बिस्किटे बंद करावयास सांगितली, तर ती लपूनछपून सुरू राहतात, हा बालरुग्णांच्या घरांतलाही अनुभव आहे. त्यापेक्षा दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपर्यंतचा खाऊ सकाळीच एका डबीत काढून ठेवावा. कोणीही द्यावा, पण त्याच डबीतून. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला. आजोबांचा आनंद राहतो, मोतीचे शेपूट हलत राहते आणि कदाचित दोघांच्या सहवासाची वर्षेही वाढतात.